गुणाजीची परीक्षा

गुणाजीला डोळे मिळवून दिले ते मी, हे सांगायला मला तेव्हा फार आवडायचं. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेला हा कोळी तिसाव्या वर्षी डोळस झाला, तो हरिहरेश्वरजवळच्या शाळेतल्या मार्तंड मास्तरांमुळे. मार्तंड मास्तर म्हणजे मी.

तसं गुणाजीचं काही अडलं नव्हतं. वल्ह्याचं एक टोक तो पाण्यात सोडायचा, दुसऱ्याला कान लावायचा आणि घोळ मासे कुठे ओरडतायत ते अचूक सांगायचा. त्याचा धाकटा भाऊ काळूराम होडीचा तांडेल, होडीवर हुकूम त्याचा. दादा दाखवील तिकडे तो जाळं टाकी. पण १९५८ साली म्हसळ्याला नेत्रशिबिर भरलं आणि माझ्या अंगात समाजसेवा संचारली.

शिबिरात ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "उजेड आता डोळ्यांत शिरेल, रंग दिसतील. पण समोर माणूस आहे की खांब, हे कळायला वेळ लागेल. वाचायला शिकावं लागतं तसं पाहायलाही शिकावं लागतं. वर्षभर त्याची परीक्षा घेऊ नका."

मी मान डोलावली आणि आठव्या दिवशी शाळेच्या अंगणात परीक्षा ठेवली. त्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते ना.

सगळा कोळीवाडा जमला. मी तीन बायका उभ्या केल्या: गुणाजीची बायको केसर, म्हातारी गोदूबाई आणि काळूरामची बायको तुळशी. तुळशी यायला तयार नव्हती. त्यांच्यात धाकटी जाऊ थोरल्या दिराच्या वाटेतसुद्धा उभी राहत नाही, त्याचा हात लागणं तर दूरच. मी तिच्यावर वसकन ओरडलो, तेव्हा बिचारी आली. तिघींना दम भरला की तोंडातून शब्द काढायचा नाही आणि बांगड्या गच्च धरून ठेवायच्या.

हात लावून बघू का, असं गुणाजीने हळूच विचारलं. हाताने आंधळे बघतात, म्हटलं. जा, बायकोचा हात धर.

त्याच्यापुढे नुसते रंग नाचत असणार. तुळशीचं लुगडं नवं, लालभडक होतं. गुणाजी अडखळत त्या लालापाशी गेला आणि हसत हसत त्याने तिचं मनगट धरलं. धरताच त्याला चूक कळली. त्याने हात झटकन सोडला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

साहेब खदखदून हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"दादा, आंधळा व्हतास तवा कदी चुकला न्हायस," काळूराम म्हणाला. "आता दिसाय लागलं, तर हिचाच हात गावला?" उद्यापासून होडीवर पाय ठेवायचा नाही, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं.

गुणाजी गयावया करत होता, मास्तरांना विचारा म्हणत होता. केसर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मास्तर, एकच इचारते. डाक्टरासंगं तुमीच बोललाव. यांना दिसतंय का न्हाय?"

साहेब शाळेच्या वहीत शेरा लिहीत होते. मी खरं बोललो असतो, तर त्या माणसाचं घर आणि होडी दोन्ही वाचली असती. डॉक्टरांचं सांगणं मी धाब्यावर बसवलं, हेही मग सगळ्यांना कळलं असतं. मी भ्यालो. इतका नीच मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

"चांगलं दिसतं," मी म्हणालो. "डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलंय."

केसर घराकडे वळलीच नाही, माहेरच्या वाटेला लागली. गुणाजी तिच्या पावलांच्या आवाजामागे धावला आणि डोळे उघडे ठेवून शाळेच्या भिंतीवर आदळला. कपाळ फुटलं. लोक म्हणाले, सोंग करतोय.

मी साहेबांना चहाला आत घेऊन गेलो.