लाभ, दोन, तीन

“हातात छडी धरायची लाज वाटती, तर मानसानं मास्तरकी करावीच कशाला? अख्खा वर्ग पोरीला हसला, अन् ह्यानं एकाच्याबी पाठीत धपाटा घातला न्हाई!”

दुर्गाबाई खळ्यावर ज्वारी उफणत होत्या आणि ऐकायला सून द्वारकाबाई होती. चार दिवस हेच तुणतुणं चाललं होतं.

झालं होतं एवढंच. धर्मराज गुरुजींनी तिसरीच्या पोरांना चिंचोके मोजायला सांगितले. दुर्गाबाईंच्या नातीनं, कौशीनं मोजले, “लाभ, दोन, तीन...” पोरं फिदीफिदी हसली. कौशी रडत घरी आली आणि आजीनं तिचं दप्तर खुंटीला टांगलं. नको असली शाळा. धान्याचं पहिलं माप ‘एक’ म्हणून मोजू नये, ‘लाभ’ म्हणावं, म्हणजे रास उणी पडत नाही, हे कौशीला दुर्गाबाईंनीच शिकवलं होतं. पोरं हसली ती कौशीला नाही, आपल्याला, हे मात्र त्या सुनेजवळ बोलल्या नव्हत्या. त्यांची स्वतःची शाळा सव्वा महिन्याची. पाठीवर भाऊ झाला आणि त्याचा पाळणा हलवायला त्या जे घरी राहिल्या, ते राहिल्याच.

“आत्याबाई, गुरुजी येऊ राह्यले,” द्वारकाबाई हळूच म्हणाली. “येकटे न्हाईत. समदा वर्ग घेऊन येऊ राह्यले.”

बांधावरून पंचवीसेक पोरांची रांग येत होती. खळ्याच्या कडेला गुरुजींनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या, स्वतःच्याही काढल्या. दुर्गाबाईंनी ते पाहिलं, पण पाहिल्यासारखं दाखवलं नाही.

“मावशी, राम राम. आज माप हाय म्हणं.”

“हाय. मंग? आनखी हसायला आले का?”

गुरुजींनी हात जोडले. “चूक माझी हाय मावशी. मी परतूरचा, दुकानदाराच्या घरातला. आमच्यात समदं काट्यावर. लाभ मलाच म्हाईत नव्हता. पोरगी बराबर होती अन् मला तवा तसं सांगता आलं न्हाई. म्हणून पोरांना घेऊन आलो. आम्हांला दाखवा.”

दुर्गाबाईंनी सूप खाली ठेवलं. मला येत नाही म्हणणारा मास्तर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

गुरुजी राशीपाशी गुडघे टेकून बसले, पायली शिगोशीग भरली आणि मोठ्यानं म्हणाले, “एक!”

फाट्‌कन त्यांच्या हातावर चापट बसली.

“लाभ म्हना!”

पोरं श्वास रोखून उभी. गुरुजी हात चोळत म्हणाले, “लाभ.” तेवढ्यात कडब्याच्या गंजीआडून खुदकन हसू आलं. चार दिवसांनी कौशी हसली होती.

मग दुर्गाबाईंनीच पायली हातात घेतली. “माप चालू असताना कुनी बोलायचं न्हाई.” दोन, तीन, चार... दर विसावं माप पडलं की त्या मूठभर दाणे बाजूला ठेवत. एका पोरानं त्या मुठीकडे नुसतंच बोट दाखवलं. गुरुजींनी कौशीकडे पाहिलं. कौशीनं आजीकडे पाहिलं, आजीनं मान हलवली.

“इसाची खूण,” कौशी कुजबुजली.

रास संपली तेव्हा पाच मुठी बाजूला होत्या आणि वर सात मापं.

“पाच इसा अन् सात,” दुर्गाबाई म्हणाल्या.

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. गुरुजी कौशीकडे वळले. त्यांनी पाटी पुढे केली.

“पाच इसा म्हंजी शंभर,” म्हणत कौशी पुढे आली. तिनं एक काढला, मधे सावकाश शून्य काढलं, मग सात. “एकशे सात.”

पाटी फिरत फिरत दुर्गाबाईंपाशी आली. त्यांना त्यातलं वाचता येत नव्हतं. धुळीनं भरलेला हात त्यांनी पदराला पुसला, तरी आकड्यांना बोट लावलं नाही. पुसलं जाईल म्हणून पाटी कडेकडेनं धरली. बराच वेळ बघितलं आणि पाटी गुरुजींच्या हाती दिली.

“मोजायला तुमी बिलकुल कच्चे हाव, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “पोरगी धाडते उद्यापासून. तिच्याकून शिका.”