शेऱ्याचा रकाना

आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, एकच हौस. शाळेचं नाव तक्रारीत यायला नको! भाव गगनाला भिडले, सरकारी अनुदान मात्र अकरा वर्षं जिथल्या तिथे. दर वर्षी अर्ज भरायचा, शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाई सांगायच्या, "लिहा, काही अडचण नाही." आणि मी गाढव लिहायची. अक्षर चांगलं ना माझं!

मी प्रयोगशाळेतली मदतनीस. नवरा आजारी, घर माझ्या एकटीच्या पगारावर. अडचण कशी नाही? एका बर्नरभोवती चाळीस पोरं. आम्लात मी इतकं पाणी घालायची की लिटमस कागद लाल व्हायलाही लाजायचा.

यंदा गॅसची टाकीसुद्धा परवडेना, तेव्हा बाईंचं धाबं दणाणलं. खात्याच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी आमची फाईल काढली.

"महागाई बघून आम्ही अनुदान वाढवतो, पण ज्यांनी अडचण लिहिली त्यांचंच. पलीकडची शाळा दर वर्षी रडते, दर वर्षी घेते. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, बाई. तुमच्या अकराही अर्जांवर लिहिलंय, काही अडचण नाही! हे अक्षर कोणाचं?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. खुशाल!

"आणि सांगितलं कोणी?" मी विचारलं. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. पुढच्या वर्षी बघू म्हणून साहेब निघून गेले.

संध्याकाळी बाईंनी बोलावलं. "सोमवारपासून प्रयोगशाळा बंद. तुमची जागाही जाणार. खात्याला तुमची संमती पाठवायची आहे. तुम्ही समजूतदार आहात, सही करा."

कागदावर शेऱ्याचा रकाना आधीच भरलेला. काही अडचण नाही. या वेळी अक्षर बाईंचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाक्य खोडलं आणि लिहीत सुटले. बर्नर, फुटक्या नळ्या, पाणी घातलेलं आम्ल, माझं घर, आणि अकरा वर्षं हे लपवायला कोणी सांगितलं तेही. रकाना संपला, मग कागद उलटा केला.

"अहो, हे काय! असला कागद मी खात्यात पाठवणार नाही."

"तुम्ही कशाला त्रास घेता?" मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. "उद्या सकाळी मीच नेऊन देते. काही अडचण?"