जाळीचं झाकण

"अहो मास्तर, पण या घरात अजून कुणी झोपलेलंच नाहीये!"

घराची नवी मालकीण, बँकेत नोकरी करणारी चुणचुणीत मुलगी, कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. खोलीत सामान म्हणाल तर एकच गादी, तीही दुकानातून आली तशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आधीच्या भाड्याच्या घरात तिला ढेकणांनी सळो की पळो करून सोडलं होतं, म्हणून राहायला येण्याआधीच तिनं तपासणीला बोलावलं होतं. आणि मास्तरांच्या हातातलं मशीन सारखं कोकलत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. हे ढेकणांचे मास्तर. बावीस वर्षं लोकांच्या पलंगांखाली पालथे पडून ढेकूण मारणारा माणूस. मारायच्या आधी गिऱ्हाइकाला समोर बसवून ढेकणाचं सगळं चरित्र ऐकवायची त्यांना भारी हौस, म्हणून हे नाव पडलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं त्यांना वास घेणारं मशीन दिलं. हातात मावेल एवढा डबा आणि पुढं लांब नळी. ढेकणाच्या अंगाला एक वास असतो. आपल्याला तो ढेकूण ढीगभर झाल्याशिवाय कळत नाही, या नळीला एकाचाही कळतो. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं नाकाडं. "माणूस खोटं बोलेल, नाकाडं बोलणार नाही," हे वाक्य ते घरोघरी ऐटीत टाकायचे.

"गादीतच असणार ताई. गोदामात काय, कशाला काय लागून पडलेलं असतं..."

"मग फाडा प्लास्टिक आणि दाखवा."

मास्तरांनी फाडलं. शिवणी उलगडून बघितल्या, टॉर्च मारला. गादी स्वच्छ. त्यांनी नळी खिडकीकडे नेली, वाजली. स्वयंपाकघरात नेली, तिथंही वाजली.

"ओट्यावर कोण झोपतं हो?" ती हसत म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. "मघाशी तुम्ही बॅग दाराबाहेर ठेवून पाणी प्यायलात ना, तेव्हा गप्प होतं ते."

मास्तरांनी खांद्यावरची बॅग बाहेर ठेवली. नाकाडं गप्प. बॅग आत आणली, लागलं बोंबलायला. त्यांना आधी हायसंच वाटलं. बॅगेत नमुन्याची डबी राहिली असणार! आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, डबी तर खाली स्कूटरच्या डिकीत आहे. स्वतःच्या हातानं ठेवून आलोय.

त्यांनी बॅग पांढऱ्या फरशीवर उलटी केली आणि अस्तर बाहेर ओढलं.

तळाच्या शिवणीत ओळीनं बसले होते. दोन मोठे, तपकिरी. बाकीची पिल्लं, रंगच नसलेली, तिळाच्या टोकाएवढी. आणि टाकलेल्या काती, कोंड्यासारख्या. टॉर्च लागताच पिल्लं पांगली. मास्तर मटकन खाली बसले आणि लगेच, आपण कुठं बसलो हे लक्षात येऊन, पोळल्यासारखे उठले.

"म्हणजे..." ती दोन पावलं मागं सरकली. "म्हणजे तुम्हीच घेऊन फिरताय?"

मास्तरांनी बॅग मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, तोंड बांधलं, फरशीवर औषध मारलं आणि कसंबसं म्हणाले, "उद्या दुसऱ्याला पाठवतो, ताई. आजचं... माफ करा." दार त्यांच्या मागं फार जोरात लागलं.

खाली येऊन त्यांनी डिकी उघडली आणि डबी हातात घेतली.

तर या डबीची गोष्ट अशी. नाकाड्याला रोज सकाळी जिवंत ढेकूण हुंगवावा लागतो, म्हणजे ते बरोबर चालतंय हे कळतं. त्यासाठी कंपनी प्रत्येकाला बंद झाकणाची डबी द्यायची. आत हवा नाही, खायला नाही, आठवड्यात ढेकूण मरून जायचे. मास्तरांनी डोकं लढवलं. झाकणाला भोक पाडलं आणि जुन्या मच्छरदाणीची जाळी बायकोकडून त्यावर शिवून घेतली. हवा आली. शिवाय दर रविवारी घराच्या पायरीवर बसून डबी दंडावर उलटी धरायची, दहा मिनिटांत आतली मंडळी जाळीतून जेवून तृप्त. मोठा ढेकूण काही त्या जाळीतून बाहेर येत नाही. साहेब खूश झाले. मास्तरांचा सत्कार झाला, फोटो लागला आणि तसली चौदा झाकणं बनवून सगळ्या शाखेला वाटली गेली. त्या सभेत कुणीतरी विचारलं होतं, आत नर ठेवायचे की माद्या? मास्तर म्हणाले, "लग्न लावायचंय का त्यांचं? ढेकूण तो ढेकूण!" सगळी सभा खो खो हसली होती.

आता त्यांनी डबीतला घडीचा कागद उजेडात धरला. कागदाला अंडी चिकटली होती. बरीचशी फुटलेली, रिकामी.

मोठा ढेकूण जाळीतून येत नाही. पिल्लू येतं, आणि कामावर येताजाता डबी बॅगेतच असते. एवढी साधी गोष्ट! हल्ली नाकाडं जास्तच वाजतंय असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी त्याचा अर्थ लावला की शहरात ढेकूण वाढलेत. कंपनीनं अर्थ लावला की धंदा वाढलाय.

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मास्तर, झाकणं आज संध्याकाळपर्यंत परत मागवतो मी. तुम्ही फक्त तोंडावर बोट ठेवा. कळलं का?"

"साहेब, आठ महिने झाले. चौदा माणसं. किती घरं झाली असतील?"

"घरं मोजायची नाहीत."

"आणि ती आजोबांकडची मावशी? तिच्या अंथरुणावर आपण..."

"कोण मावशी? तिला तर त्यांनी कधीच कामावरून काढलं. तो म्हातारा वारला गेल्या महिन्यात, मुलानं कंत्राट बंद केलं. आता कुणाला सांगणार आहात तुम्ही? आणि सांगितलंत, तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नका."

फोन ठेवला तरी मास्तर स्कूटरपाशी तसेच उभे होते. मावशीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

अंथरुणाला खिळलेले एक आजोबा, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि आजोबांना सांभाळायला दिवसरात्र राहणारी ही मावशी, असं ते घर होतं. मास्तर तिथं वर्षाच्या तपासणीला गेले, तेव्हा घर लख्ख होतं. चार भिंतींत एक ढेकूण नव्हता. सूनबाईंनी नुकतीच फरशी पुसली होती, म्हणून बॅग ठेवायला मास्तर जागा शोधत होते. कोपऱ्यात मावशीचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.

"बॅग जरा यावर ठेवू का, मावशी?"

"ठेवा की दादा, त्यात काय."

दोन महिन्यांनी त्याच घरातून तक्रार आली. मास्तरांनी बॅग दाराबाहेर ठेवली आणि नाकाडं सगळीकडे फिरवलं. ते वाजलं फक्त मावशीच्या अंथरुणापाशी. "मी रोज उन्हात टाकते हो, दादा. माझ्यात कुठून येणार?" ती काकुळतीला येऊन सांगत होती. मास्तरांनी तिला आपलं ते वाक्य ऐकवलं. मग अहवालात 'उगम' असं छापलेलं असतं, त्यापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं: सेविकेचं अंथरूण. सूनबाईंनी तिला त्याच दुपारी जायला सांगितलं. आजोबा आतून हाका मारत होते. मास्तरांनी अहवालाची एक प्रत मावशीच्या हातात दिली आणि वर उपदेशही केला, काय जाळायचं, कुठं उकळतं पाणी ओतायचं.

मास्तर घरी आले तेव्हा बायको पायरीवरच भाजी निवडत बसली होती. बॅग उंबऱ्याच्या आत आणायची नाही, कामाचे कपडे बाहेरच बदलायचे, हा तिचा बावीस वर्षांचा कायदा. त्या कायद्यामुळंच हे घर वाचलं होतं. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. तिच्या हातातली सुरी थांबली.

"काय सांगताय काय!" ती म्हणाली. मग स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. "चौदाच्या चौदा मी शिवली हो. या हातानं. तुमचा सत्कार झाला तेव्हा शेजारणींना सांगत सुटले होते."

"साहेब म्हणतात गप्प बसा. बोललो तर नोकरी जाईल."

"मग?"

"मग काय. रात्रंदिवस ती बाई डोळ्यांसमोर येईल त्याचं काय करू?"

बायकोनं बॅगेची पिशवी उचलून पत्र्याच्या पिंपात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. आत जाऊन धुतलेले कपडे आणून दिले. "जा," ती म्हणाली. "नुसत्या माफीला कोण विचारतं? अहवालाचं पुस्तक न्या बरोबर."

पत्ता पुस्तकातच होता. 'उगमाचा पत्ता' लिहायचाच असतो, म्हणून त्यांनी तेव्हा मावशीच्या खोलीचा लिहून घेतला होता. अरुंद लाकडी जिना, वर एकच खोली. दार उघडंच होतं. मावशीनं त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"आता काय राहिलंय, दादा? तुम्ही सांगितलं ते सगळं केलं मी. बघा की."

मास्तरांनी आत पाहिलं. खोलीत अंथरूण असं नव्हतंच. उशी नव्हती, पडदा नव्हता, कापडाची एक चिंधी दिसत नव्हती. उघड्या फरशीवर प्लास्टिकची चटई आणि स्टोव्हवर पाण्याची मोठी किटली. मावशीचे हात कोपरापर्यंत लाल, बोटांना भेगा.

"गादी जाळली. माझ्या आईनं शिवलेली दुलई होती, ती पण जाळली. रोज उकळतं पाणी ओतते फटींत. घरात कामाला कुणी घेत नाही, आधीचं काम का सुटलं त्याचा कागद दाखवा म्हणतात. खानावळीत भांडी घासते." तिचा आवाज खाली आला. "माझी मलाच किळस येते हो, दादा. कुणाच्या शेजारी बसायला नको वाटतं. एवढी वर्षं मी स्वतःला स्वच्छ समजत होते."

मास्तरांना वाटलं होतं, ती भांडेल, चार शिव्या घालेल. तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मावशी, ते तुमचे नव्हते," ते म्हणाले. "माझे होते. माझ्या बॅगेतले. तुमच्या अंथरुणावर बॅग ठेवली होती मी. तेव्हा गेले ते."

तिला कळायला वेळ लागला. मास्तरांनी डबी सांगितली, जाळी सांगितली, पिल्लं सांगितली. आयुष्यात ढेकणाची गोष्ट इतकी वाईट त्यांनी कधीच सांगितली नव्हती.

मावशी आत गेली, पत्र्याच्या पेटीतून चार घड्या घातलेला कागद घेऊन आली. तोच अहवाल. मास्तरांनी तो भिंतीवर टेकवला, आपली ओळ खोडली आणि वर लिहिलं: उगम, तपासनिसाची बॅग. खाली पूर्ण सही केली, तारीख घातली, पुस्तकातल्या प्रतीवरही तेच केलं. आता नोकरी राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं. अक्षर मात्र स्वच्छच आलं.

मावशीनं कागद घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"हा दाखवला की सूनबाई घेतील परत," ती म्हणाली. मास्तर आल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाहीत हो. कसे आहेत ते?"

खोटं बोलावं असं मास्तरांना एक क्षण वाटलं.

"गेले, मावशी. गेल्या महिन्यात."

ती रडली नाही. कागदाची घडी घालायला लागली. आधीच्याच घड्यांवरून, एक, दोन, तीन, चार. पेटीत ठेवून आली. मग दारात उभी राहून तिनं मास्तरांना पायांपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. धुतलेले कपडे, रिकामे खांदे, आणि ते उभे होते ती पायरी.

ती आत वळली आणि स्टोव्हवरची किटली दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

"पाय जरा मागं घ्या, दादा," ती म्हणाली.

मास्तर एक पायरी खाली उतरले. ते उभे होते तिथं तिनं उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली, सावकाश, फटीफटीतून, त्यांनीच शिकवलं होतं तसं. पहिली पायरी झाल्यावर तिनं मान वर करून पाहिलं. मास्तर आणखी एक पायरी उतरले.