तीन रेघांचे सेल

माझ्या मुलाला रीतभात उरलेली नाही. तीन दिवस झाले, माझ्या दारापासून चाळीस पावलांवर मोबाइलचा टॉवर उतरवतोय, पण उंबरा ओलांडला नाही. पाणी मागायला मुकादमाला पाठवतो. मीही कळशी भरून देते आणि टॉवरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, साहेबांना सांगा, हे बाटलीतलं नाही, पोट बिघडलं तर आमच्यावर येईल.

चौदा वर्षांपूर्वी हाच टॉवर उभा करायला आला, तेव्हा याचं हेल्मेट सारखं डोळ्यांवर घसरायचं. खड्डा यानं खणवला, काँक्रीट ओतवलं, उन्हावर वीज करणारी पॅनलं बसवली आणि राखणीला बापाला ठेवलं. आमचे हे त्यात असे रुतले की मी टॉवरला सवत म्हणायचे आणि हे लंबू म्हणायचे. भल्या सकाळी, उन्हं चढायच्या आत पॅनलं पुसायची, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. मग टॉवरशेजारच्या खोलीतले बॅटरीचे चोवीस सेल. काचेची नळी बुडवून एकेकाची ताकद बघायची, पाणी उतरलं असेल तिथं भरायचं. मला कणकण आली तर कपाळाला हात लावत नाही आणि या डबड्यांची नाडी बघता, असं मी म्हटलं की म्हणायचे, तापाची काय टाप आहे तुझ्या अंगात शिरायची. जो सेल अस्सल, त्याच्यावर खडूनं तीन रेघा ओढायचे. लिहिण्यावाचण्यात आम्ही दोघंही सारखेच कच्चे, रेघांवर भागायचं.

पुढे मुलगा साहेब झाला. टॉवर उभे करायचे, सांभाळायचे, वय झालं की उतरवायचे, शंभर टॉवरांचं जन्ममरण याच्या हाती आलं. गेल्या वर्षी यानं सांगितलं, हमरस्त्याला नवा टॉवर होतोय, लंबूचं एकच वर्ष राहिलं, आता नवे सेल मिळायचे नाहीत. एवढ्यावर थांबता तर बरं होतं. मी बहिणीकडे गेले होते त्या दिवशी गाडी घेऊन आला, आठ चांगले सेल काढून नेले आणि त्या जागी आठ थकलेले बसवून गेला. बापाला शिकवलं होतं यानंच, की एका रांगेत सगळे सेल एका वयाचे हवेत. थकलेला आधी बसतो आणि बाकीच्यांनाही घेऊन बसतो. शिकवलं यानं आणि मोडलंही यानंच. मी आल्यावर ह्यांना विचारलं, तर म्हणाले, नेले गं, राहू दे.

मग ते आभाळाचे दिवस आले. ऊन नाही. चौथ्या दुपारी लंबू बंद पडला. त्याच दुपारी हे पॅनलाचं फडकं पिळून आत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात बसले ते बसलेच. छाती धरली होती. मी फोन घेतला, तर एक दांडी नाही. पळत टॉवरच्या पायाशी गेले, हात उंच करून फोन धरला. जवळ गेलं की मिळेल, एवढीच माझी अक्कल. मग रस्ता गाठला, ट्रकला आडवी झाले. परत आले तेव्हा फडकं ह्यांच्या मुठीत होतं, ओलंच होतं अजून.

मुलगा आला, दोन दिवस भिंतीला टेकून बसला आणि गेला. सात महिने मी भेटेल त्याला सांगितलं, की पोटच्या पोरानं सेल चोरले आणि बाप घालवला. त्याच्या कानावर गेलंच असेल. त्यानं हूं का चूं केलं नाही. मला वाटलं, खरंच आहे तर बोलेल काय.

आज मुकादम कळशी परत द्यायला आला. चांगला माणूस, पण तोंडाला झाकण नाही. म्हणाला, बाबांची नजर पक्की होती हो, त्या आठ सेलांवर खडूच्या तीन रेघा अजून आहेत, दवाखान्याजवळच्या टॉवरवर एक दिवस दगा दिला नाही त्यांनी. मी म्हटलं, रेघा असणारच, चोर चांगलेच नेतो. तो जायला वळला, परत फिरला. मग म्हणाला, आई, मी होतो तेव्हा. साहेब दोनच मागत होते, तेही मान खाली घालून. बाबांनी आठ काढले, रेघा त्याच वेळी ओढल्या आणि स्वतः गाडीत चढवले. साहेब नको नको म्हणाले, तर बाबा काय म्हणाले ठाऊक आहे?

"तिथं आजारी माणसं आहेत. इथं आम्ही दोघंच, आम्हाला कुणाला फोन करायचाय?"

कळशी माझ्या हातात होती. ती कुठं ठेवली, आठवत नाही.

चाळीस पावलं मला फार लांब गेली. टॉवर सगळा उतरला होता, काँक्रीटात चार पायांचे बोल्ट तेवढे उभे. मुलगा तिथं पाठ करून बसला होता. मला बघून उठला, हेल्मेट तसंच.

"ते काढ आधी," मी म्हटलं. त्यानं काढलं. केस पांढरे झालेत त्याचे, मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सेल त्यांनी दिले, त्यांचं मी त्यांच्याशी बघून घेईन. नियम ठाऊक असून तू नेलेस, ते तुझं तुझ्यापाशी, मी पुसायची नाही. पण सात महिने मी तुला चोर म्हणत होते आणि तू ऐकून घेत होतास, मी त्यांच्यावर चिडू नये म्हणून. नवरा गेलाच होता, मुलगाही मी स्वतःच्या तोंडानं घालवत होते, आणि तू घालवू दिलास. याला माझ्याकडे माफी नाही. आता घरात चल. पाणी माझ्या हातचं प्यायचं."