पोलीस चौकीतला कलता बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण जुन्या शहरातल्या पोलीस चौकीत माझा सगळा जन्म गेला आणि एक प्रश्न मला पहिल्यापासून पडला आहे. या दाटीवाटीच्या शहरात गल्लीगणिक बोली वेगळी, प्रार्थना वेगळी. तिथे सरकार शांतता राखते तरी कशी?

सुताराने मला घाईत बनवले. पाय टोकांना न लावता पार आत लावले. त्यामुळे दोन टोकांना दोघे बसले आणि एक जण न सांगता उठला, की दुसरा जमिनीवर. पहिल्याच दिवशी मोठे साहेब आपटले. मला जळणात घालायचे ठरले होते, पण हवालदारकाका म्हणाले, “राहू द्या, कामाला येईल.”

आणि आलो की! भांडण घेऊन आलेल्या दोघांना काका माझ्या दोन टोकांना बसवत. उठायचे तर “उठतोय हं” एवढे तरी शेजाऱ्याला सांगावेच लागे. जन्मात तोंड पाहणार नाही म्हणणारी माणसे इथे बोलती होत. लोक माझे कौतुक करत. मला संकोच वाटे; आवडायचेही.

मग नवे साहेब आले. शिकलेला, सरळ माणूस. त्यांनी नियम केला की दोन्ही पक्ष वेगळ्या खोल्यांत बसतील. मी ओसरीत गेलो आणि माझ्यावर फायलींचे गठ्ठे चढले.

एका दुपारी एका म्हाताऱ्या तांबटाची मयत रंगाऱ्यांच्या गल्लीतून निघाली. वर दोऱ्यांवर ओली कापडे वाळत होती. मयतीवरच्या पांढऱ्या चादरीवर निळे थेंब पडले. तांबटांनी दोऱ्या कापल्या, कापडे चिखलात तुडवली. रंगारी काठ्या घेऊन उतरले. मयत गल्लीतच अडली.

साहेबांनी म्हाताऱ्याच्या मुलाला एका खोलीत आणि वयस्कर रंगाऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवले. स्वतः इकडचा निरोप तिकडे नेऊ लागले. दर फेरीला निरोप अधिकच तिखट होई. शेवटी संचारबंदीचा हुकूम टेबलावर आला. सही झाली की गल्ली रिकामी होणार आणि मयत पोलिसांच्या गाडीतून जाणार. मुलाला बापाला खांदाही देता येणार नव्हता.

काका हळूच म्हणाले, “साहेब, सही करा, मी नाही म्हणत नाही. दहा मिनिटं दोघांना ओसरीत बसवू का?”

“तिथं काय आहे?”

“वारा आहे.”

काकांनी माझ्यावरच्या फायली उतरवल्या. दोघे दोन टोकांना बसले. मग तरुण तांबट तावातावाने उठू लागला आणि अर्ध्यात थांबला.

“उठतोय.”

“थांब जरा,” रंगारी म्हणाला. “गुडघा धरलाय माझा. तुझ्या बापानं मला दोनदा पाडलंय इथून. मुद्दाम.”

“मुद्दामच. घरी येऊन सांगायचे आणि हसायचे.” तांबट पुन्हा खाली बसला. “आज त्यांच्या अंगावर डाग पडले हो.”

“मयत येतेय हे सांगितलं असतंस, तर दोऱ्या मीच सोडल्या असत्या रे.”

“सुचलं नाही. कापडं तुडवायला नको होती.”

रंगाऱ्याने आपल्या निळ्या बोटांकडे पाहिले. “घरात कोरं कापड आहे. अजून रंगात घातलेलं नाही. चालेल का?”

“चालेल,” तांबट म्हणाला. “पण तुम्ही घाला त्यांच्या अंगावर.”

ओसरीतून मला गल्ली दिसत होती. कोऱ्या कापडाखाली म्हातारा निघाला. पुढच्या दोऱ्या अजून बांधलेल्याच होत्या. रंगाऱ्यांनी भांडायला आणलेल्या काठ्यांनी त्या वर उचलून धरल्या आणि मयत खालून गेली. साहेब बिनसहीचा हुकूम हातात घेऊन दारात उभे होते. “काका, हे कुठल्या नियमात बसतं?” त्यांनी विचारले. काका माझ्यावरून उतरवलेल्या फायली उचलून आत नेऊ लागले.

मित्रांनो, शांतता सरकार राखते की आणखी कोणी, हे मला अजून नीट कळलेले नाही. कदाचित मी चुकतही असेन. पण दुसऱ्याच्या दारावरून काही न्यायचे असेल, तर आधी एक हाक जरूर मारा. आणि पाऊस आला, तर मला जरा आत ओढा.