तारणातली बंदूक

गावचा प्रमुख मलिक तोरसम याच्या बैठकीत भर दुपारी तीसेक माणसं बसली होती आणि चहाला कुणी हात लावत नव्हतं. बंदुका घडवणाऱ्या उस्ताद नजरमीरच्या मांडीवर बंदूक होती. त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा होता, खरी की नकली.

पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं, तेव्हा रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंनी आपापली बंदूक मलिककडे तारण ठेवली होती. निवाडा झाला, बंदुका परत गेल्या. चौथ्या दिवशी झरवली खान आपली बंदूक घेऊन परत आला. पेशावरच्या एका व्यापाऱ्यानं ती पाहून सांगितलं होतं, ही विलायती नाही, दरा बाजारातल्या कारागिरांनी घडवलेली नक्कल आहे.

"माझ्या आजोबानं गोऱ्या साहेबाच्या हातून हिसकावलेली बंदूक ती!" खान म्हणाला. "ठेवली खरी, मिळाली खोटी. तारण बदलणाऱ्याचं काय करतात ते मलिकला मी सांगायला नको."

मलिकचे दोघे मुलगे दाराशी जाऊन उभे राहिले. खानाची माणसं खिडकीकडे सरकली.

"बोल की उस्ताद, अंडं उबवतोयस का?" कुणीतरी म्हणालं.

"घाई असेल तर तूच ये, बस माझ्या जागी."

हसलं कुणीच नाही.

नजरमीरनं भिंग धरलं. मुकुट, त्याखाली दोन अक्षरं, मग कारखान्याचं नाव आणि साल. अक्षरं त्याला वाचता येत नसत, पण चित्रासारखी पाठ होती. विलायती ठसा एका दणक्यात बसतो, त्याचा तळ सपाट असतो. इथे तळाला छिन्नीचे बारीक टप्पे होते. मग त्यानं नंबर पाहिला आणि भिंग आणखी जवळ नेलं. हाच नंबर त्यानं स्वतः शेकडो वेळा कोरला होता. त्याच्या बापानं एका खऱ्या बंदुकीवरून नमुना उतरवला होता, नंबरासकट, आणि दुकानातून निघालेल्या प्रत्येक बंदुकीवर तोच.

नकली म्हणावं, तर मलिकचा आज मुडदा पडणार. खरी म्हणावं, तर भरल्या पंचायतीत खोटी साक्ष. आणि जे घडलं होतं ते बोलायचं नाही, असं बापानं मरताना बजावलं होतं.

त्यानं लाकडी दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडली, आत पाहिलं आणि बंदूक घेऊन उठला.

"खान, अंगणात ये. एकटा."

"जे आहे ते सगळ्यांपुढे बोल!"

"बंदूक तुझी आहे. आधी तू पाहा."

अंगणात तुतीखाली नजरमीरनं विचारलं, "ही चापाची स्प्रिंग कुणी बसवली?"

"तूच. मोठ्या बर्फाच्या साली."

"म्हणजे तेव्हापासून बंदूक हीच. मलिकनं बदलली नाही."

"मग नकली कशी?"

उस्तादनं आवाज खाली आणला. "तुझ्या आजोबांनी आणली ती खरीच होती. दुष्काळात त्यांनी ती माझ्या बापाला दिली, नऊ पोती मका नेला, आणि गावाला कळू नये म्हणून सोबत ही नक्कल नेली. ही बघ आत बापाची खूण. त्यांच्या घरात सात तोंडं होती, खान. त्यातलं एक तुझ्या बापाचं."

खानाचा हात सुरीच्या मुठीवर गेला. "हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"कबरीत दोघांना. इथे दोघांना."

"आणि खरी?"

"विकली बापानं, सरहद्दीपलीकडे. आता ऐक. तू मलिकवर हात टाकलास, तर मला आत जाऊन हे मोठ्यानं सांगावं लागेल. मग मला मार हवं तर."

खानानं सुरीवरचा हात काढला. मग बंदूक उचलून आत गेला. दाराशी उभ्या मलिकच्या मुलांनी आपापल्या बंदुका वर केल्या. खानानं आपली मलिकच्या पायाशी आडवी ठेवली.

"तीच आहे. चूक माझी झाली. उद्या मेंढा घेऊन माफीला येतो."

"दोन आण," कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला. "एका मेंढ्यात एवढी पोटं भरायची नाहीत."

आता सगळे हसले. मलिक हसला नाही. त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला.

नजरमीर पट्टी परत लावायला बसला, पण स्क्रू काही भोकात जाईना. खान शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं पट्टी दाबून धरली.

"घट्ट बसव, उस्ताद," तो हळूच म्हणाला. "पुन्हा कुणी उघडता कामा नये. तूसुद्धा."