भोंग्यानंतरची रांग

मित्रांनो, मी एक जुना हवेचा पाइप आहे. काळ्या रबराचा, चांगला लांबलचक, एका टोकाला पितळी तोटी आणि तिच्यावर बोटाने दाबायचा खटका. माझी गोष्ट शांतपणे सांगावी असे फार मनात होते, पण शांतपणा माझ्या अंगातच नाही. पोटात हवा शिरली की मी वळवळतो, हातातून निसटलो तर जमिनीवर थयथयाट करतो. आज पोटात हवा नाही, तरीही मला स्वस्थ पडवत नाही. ज्यांनी मला मायेने हाताळले, त्यांच्याच छातीत मी विष भरले, आणि तेही शाबासकी घेत घेत.

रबराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. एक थर रबराचा, त्यावर सुताची वीण, वर पुन्हा रबर. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यात दुप्पट दाबाची हवा भरून पाहिली. मी फुटलो नाही, तेव्हा त्यांनी खडूने माझ्यावर बरोबरची खूण केली. मला वाटले, चला, आपण कामाचे आहोत.

मला रेल्वेच्या एका शेडमध्ये पाठवले. तिथे डब्यांचे ब्रेक दुरुस्त होत. डबा लांब खड्ड्यावर उभा राही, फिटर खाली उतरत, झिजलेल्या पट्ट्या काढत आणि नव्या पट्ट्या कानशीने घासून बसवत. त्या पट्ट्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे बारीक धागे असत, कारण ते कितीही तापले तरी जळत नाहीत. घासताना त्यांची राखाडी पूड पडे आणि सांध्यासांध्यांत जाऊन बसे. "हवा मार रे" अशी हाक आली की मी ती पूड उडवून लावी.

त्या पुडीला ना वास होता ना चव. वंगणाचा डाग पडला तर लोक चिडत, कारण तो दिसे आणि निघत नसे. पूड मात्र फुंकली की गेली, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. कुठे गेली, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

त्या शेडमधला सर्वांत टापटिपीचा फिटर म्हणजे लाँड्रीदादा. हे नाव त्यांना माझ्यामुळे मिळाले. त्यांची बायको लवकर गेली होती आणि घरी एक लहान मुलगी होती. दादा दारात दिसले की ती धावत येऊन त्यांना बिलगे. एकदा त्यांच्या शर्टावरची पूड तिच्या डोळ्यात गेली आणि ती खूप वेळ डोळे चोळत रडली. दुसऱ्या दिवशी सुटीचा भोंगा झाल्यावर दादांनी मला उचलले आणि स्वतःचे कपडे झटकून काढले. शेजारच्याने ते पाहिले आणि म्हणाला, "दादा, माझ्यावर पण मारा की जरा." मग काय, सगळेच येऊ लागले.

रोज भोंगा झाला की चौदा जणांची रांग लागे. माणूस दादांसमोर येई, दोन्ही हात पसरी, डोळे मिटी, श्वास धरून ठेवी. मी खांद्यावरून खाली फिरे. मग तो गर्रकन पाठमोरा होई, कॉलर वर करी, खिसे बाहेर काढी. झाले की दादा पाठीवर एक थाप मारत आणि म्हणत, "पुढचा."

"दादा, इस्त्री पण करून द्या," कोणीतरी म्हणे.

"इस्त्रीला उद्या ये, आज कोळसा ओला आहे."

पहिलवान नावाचा एक आडवातिडवा फिटर होता, त्याला एका फेरीत झटकणे अवघड. "तुझं दोन हप्त्यांत करावं लागेल," असे दादा म्हणाले की रांगभर हशा पिके. मीही खूश. शेडचे साहेब जाता-येता म्हणत, "माणसं शिस्तीची आहेत हो." एकदा तर त्यांनी स्वतःचे बूटही माझ्यासमोर धरले होते.

आता हिशेब ऐका. रांगेतला माणूस आपल्या पाळीपुरता श्वास धरी, पण पूड बराच वेळ हवेत तरंगत राही. तिच्यात सगळ्यात जास्त वेळ कोण उभे असे? दादा. चौदा जणांची पूड रोज त्यांच्या नाकातोंडात जात होती, आणि ती त्यांच्याकडे पाठवत होतो मी.

वीस वर्षांनी दादा खोकू लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले, "विडी सोडा." दादा म्हणाले, "कधी धरलीच नाही, तर सोडू कशी?" तरी कागदावर विडीच लिहिली गेली. पुढे चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली, तेव्हा मुलीने त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. तिथे निदान झाले, छातीच्या अस्तराचा कर्करोग. तो या धाग्यांनीच होतो, असे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

मुलगी आता मोठी झाली होती, शिलाईच्या दुकानात काम करत होती. तिने भरपाईसाठी अर्ज केला. उपचार चालू राहावेत, हे तर होतेच. पण दादांचे म्हणणे निराळे होते. ते तिला म्हणाले, "माझं जे व्हायचं ते होईल. पण विडीने गेला असं कागदावर राहायला नको. कामाने गेला, असं लिहायला लाव त्यांना."

रेल्वेच्या कार्यालयाने उत्तर पाठवले की हवेने कपडे झटकण्याची पद्धत या शेडमध्ये कधीच नव्हती, तसा मनाईचा फलक भिंतीवर आहे. फलक होता खरा. त्याचा रंग अजून बोटाला लागत होता.

मुलगी साक्षीदार शोधायला शेडमध्ये आली, तर सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. नोकरीची भीती होतीच. पण मी खुंटीवरून सगळे ऐकत असे, आणि मला दुसरी भीतीही दिसत होती. दादांच्या छातीत ती पूड आहे असे म्हणायचे, तर आपल्याही छातीत आहे, हे कबूल करावे लागते. पहिलवान तिची नजर टाळत म्हणाला, "ताई, मला काही आठवत नाही. आणि मला काही होत पण नाही. मी रोज जिने चढतो." ती गेल्यावर तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. मला त्याचा राग आला. मग माझाच मला जास्त आला.

चौकशीच्या आधी तीन दिवस शेड पाण्याने धुतली गेली. तुळया पुसल्या, मलाही ओल्या फडक्याने चकचकीत केले. चौकशी अधिकारी म्हणून एक बाई आल्या, हातात फाइल, पायात साध्या चपला. साहेब आले. मुलीने दादांना धरून आणले आणि एका उलट्या खोक्यावर बसवले. जुन्या चौदांपैकी नऊ जण अजून कामावर होते. बाईंनी एकेकाला विचारले, "कपड्यांवर हवा मारली जायची का?" एकेक जण जमिनीकडे पाहून म्हणाला, "आठवत नाही, मॅडम."

"मी म्हटलं नव्हतं?" साहेब म्हणाले.

बाईंनी मुलीला विचारले, "आणखी काही दाखवायचं आहे?" ती दादांकडे पाहू लागली. बाई फाइल बंद करू लागल्या.

तेव्हा दादा उठले. भिंतीला धरत धरत खुंटीपर्यंत आले आणि त्यांनी मला हातात घेतले. मुलगी घाबरून म्हणाली, "बाबा, नको." साहेब दोन पावले मागे सरकले.

"कॉक बंद आहे," दादा म्हणाले. "हवा नाही यात. घाबरू नका." मग थोडा दम घेऊन ते म्हणाले, "पहिलवान, ये रे."

पहिलवान कसाबसा समोर येऊन उभा राहिला. दादांनी मला त्याच्या खांद्याशी नेले, आणि पहिलवानाचे दोन्ही हात आपोआप पसरले. डोळे मिटले, श्वास धरला गेला. तो पाठमोरा झाला, कॉलर वर केली, खिसे बाहेर काढले. दादांनी थाप मारली. "पुढचा." दुसरा आला. तिसरा आला. कोणी सांगितले नव्हते, तरी रांग लागली, आणि प्रत्येकाने तेच केले, त्याच क्रमाने. माझ्यातून फुंकरसुद्धा येत नव्हती. जन्मात पहिल्यांदा मी माणसांच्या अंगावरून असा रिकामा फिरत होतो.

"हे ठरवून चाललंय," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी पहिलवानाला विचारले, "पाइपात हवा नव्हती. मग तुम्ही श्वास का धरलात?"

"धूळ नाकात जाते ना, मॅडम," तो सहज बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याला कळले. त्याने रुमाल काढून सगळे तोंड पुसले आणि म्हणाला, "लिहा. रोज मारायचो. वीस वर्षं. साहेबांनी पाहिलंय."

बाईंनी लिहून घेतले. मागून आणखी आठ जणांनी सह्या केल्या.

अर्ज मंजूर झाला. निकालाचा कागद मुलीने दादांना वाचून दाखवला. आजार कामाच्या जागी झाला, ही ओळ त्यांनी तिला दोनदा वाचायला लावली. दोन महिन्यांनी दादा गेले.

नऊही जणांच्या छातीचे फोटो काढले गेले. तिघांच्या फोटोत डाग निघाले, त्यांत एक पहिलवानाचा आहे. मला जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लाल चिठ्ठी लावली आहे. माझ्या विणीत अजून ते धागे आहेत, म्हणून मला खोल पुरणार आहेत. पुरोत. पण दादांच्या कपाटातले सामान न्यायला मुलगी आली होती, तेव्हा तिचे बोलणे मी ऐकले. डॉक्टरांनी तिला विचारले होते, लहानपणी बाबांचे कामाचे कपडे कोण धूत होते? ती म्हणाली होती, "मीच." येत्या आठवड्यात तिचाही फोटो आहे. त्याचा निकाल कळण्याआधी मी मातीखाली असेन, आणि म्हणून मला अशी तळमळ लागली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी धुळीने भरलेले कपडे घालून येत असेल, तर ते झटकू नका. पाण्यात भिजवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका आणि धूळ कसली ते विचारा. उद्या तुमच्यातले काही फिटर होतील, काही साहेब होतील. फिटर झालात तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. साहेब झालात, तर कोणी विचारायची वाट पाहू नका.